रात्रपाळीतले बारा ते पाच

रात्रपाळीला गेल्यावर ओव्हर घेण्याआधी मी एक प्रश्न विचारायचे, "या आठवड्यात लाईट दिवसाची का रात्रीची?" पुण्याहून नव्याने आलेल्या सिस्टरला वाटायचं, हिला झालंय काय, वॉर्डात तर लख्ख उजेड आहे. पिंपळवंडी, आळेफाटा, नारायणगाव या पट्ट्यातल्या मुलीला मात्र फोड करून सांगावं लागत नाही. शेतीपंपाची थ्री फेज रात्रीची असली की माणसं बारा-एकला बॅटरी घेऊन उसाला, कांद्याला पाणी धरायला जातात. त्यातलाच एखादा पहाटे पायाला टॉवेल आवळून आपल्या दारात येतो. लाईट दिवसाची असली तर रात्र जरा हलकी जाते. आज मोकळा वेळ मिळेल का, किती मिळेल आणि तो कुठल्या तयारीत घालवायचा, याचा अर्धा अंदाज या एका प्रश्नात येतो.

मी पिंपळवंडीची. जीएनएम केल्यावर २६ वर्षं नोकरी केली, खाजगीत आणि सरकारीतही. त्यातल्या रात्री मोजलेल्या नाहीत. आता गावातल्या मुली एएनएम, जीएनएम करून नारायणगाव, मंचर, आळेफाट्याच्या दवाखान्यांत नाईट करतात आणि भेटल्या की विचारतात, "ताई, बारानंतर तीन-चार तास रिकामे जातात. मोबाईल बघण्यातच संपतात. काय करू?" त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या ब्रदरांसाठी हे लिहिते आहे. मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत जे आहेत त्यांना हा प्रश्न पडत नाही, त्यांना पाणी प्यायला वेळ मिळाला तरी पुष्कळ. दहा-पंधरा खाटांचा दवाखाना, एक सिस्टर, एक मावशी, वर झोपलेले डॉक्टर आणि जिन्याखाली झोपलेला वॉचमन, अशा ठिकाणची ही गोष्ट आहे.

आधी माझी फजिती सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. पोस्ट बेसिकच्या प्रवेशाची तयारी चालली होती. एका छोट्या दवाखान्यात मी नाईटला होते. पुढ्यात मायक्रोबायोलॉजी, एका कानात इअरफोन, त्यावर कुणा सरांचं लेक्चर. तीन नंबरच्या खोलीत मांडीचं हाड मोडलेली एक आजी होती. तिच्या खाटेजवळचं बेलचं बटण बिघडलेलं आहे हे मला माहीत होतं. "काही लागलं तर हाक मारा," असं तिला सांगूनही आले होते. आजीचा आवाज बारीक. तिने हाका मारल्या असतील, मग स्टीलच्या पेल्याने खाटेचा दांडा वाजवला. किती वेळ, कोण जाणे. धडा संपल्यावर मी इअरफोन काढला, तेव्हा वाजायचं थांबलेलं होतं, पण काहीतरी वाजत होतं एवढं कानाला जाणवलं. गेले तर चादर ओली, पेला जमिनीवर आणि आजी भिंतीकडे तोंड करून पडलेली. मी चादर बदलली, अंग पुसलं, चारदा माफी मागितली. डिस्चार्ज होईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या हातून गोळी घ्यायची, पाणी प्यायची, पण अक्षर बोलायची नाही.

त्या दिवसापासून ड्यूटीवर इअरफोन बंद, एका कानातलासुद्धा. आणि दुसरं म्हणजे रात्री हातात असं काम घ्यायचं, जे अर्ध्या ओळीवर टाकून उठता येईल आणि परत आल्यावर सापडेल. हा निकष लावला की निवड आपोआप होते. मालिका बाद. रहस्यकथा बाद, कारण शेवटची दहा पानं राहिली असताना बेल वाजली तर पाय जड होतात, खोटं कशाला बोला. विणकाम चालतं. पूर्वी रात्रपाळी म्हणजे गॉज कापणं, कापसाचे बोळे वळणं आणि ऑटोक्लेव्हचे ड्रम भरणं हेच असायचं. हात चालू आणि कान मोकळे. आता बरंचसं तयार पाकिटात येतं, पण त्या कामांचा गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. रात्रीचा मोकळा वेळ आपल्या मालकीचा नसतो. पेशंट झोपला आहे तोवर तो वापरायला मिळालेला असतो.

आता तासांकडे येऊ. रात्र सगळी सारखी नसते. दहापर्यंत गोळ्या, इंजेक्शनं, सलाईन, नातेवाइकांची आवराआवर. बारा ते अडीच डोकं चालतं. अडीच-तीन ते पाच डोकं चालत नाही, फक्त चालल्यासारखं वाटतं. शरीराचं तापमान पहाटे सगळ्यांत खाली येतं, डोळे उघडे असले तरी वाचलेलं आत जात नाही. आपल्या आत एक घड्याळ आहे आणि ते ड्यूटीचा तक्ता बघून चालत नाही. त्या घड्याळाची पेशीतली यंत्रणा शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आपल्याला ते पहिल्याच नाईटला कळलेलं असतं. म्हणून वाचायची, आकडेमोडीची, लिहायची कामं अडीचच्या आत. तीननंतर उभ्याने करायची कामं: ट्रॉली पुसणं, कपाट लावणं, तारखा बघणं, वॉर्डात फेऱ्या. बहुतेक जणी उलटं करतात. बारा ते दोन मोबाईल, आणि तीनला झोप येते म्हणून रजिस्टर उघडतात. मग एकाचा बीपी दुसऱ्याच्या पानावर जातो.

तीननंतर द्यावंच लागलं असं जोखमीचं औषध, इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम, तर दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या. एकट्याच असाल तर डॉक्टरांना फोन करून डोस पुन्हा विचारा. झोपमोड झाली म्हणून कुणी नोकरीवरून काढत नाही. आणि लेबल मोठ्याने वाचा, मावशीला ऐकू जाईल असं. मावशीला त्यातलं कळणार नाही, पण डोळ्याने चुकीचं वाचलेलं स्वतःच्या कानाला खटकतं. मला दोनदा खटकलं आहे.

बारा ते अडीच काय करायचं? माझं पहिलं उत्तर अभ्यास हे नाही. आज रात्री जे दारात येण्याची शक्यता आहे, त्याची तयारी. आपल्या भागात ते ठरलेलं आहे. पुणे-नाशिक रस्त्यावरचा अपघात, आळेफाट्याला त्याला कल्याण-नगर रस्ता येऊन मिळतो तिथला आणखी एक. सर्पदंश. बाळंतीण. विघ्नहर कारखान्याचा हंगाम चालू असला तर कोपीवरून आलेली ऊसतोडीची बाई, जिच्याकडे तपासणीचा एक कागद नसतो. एकेका रात्री यातली एकच केस घ्या आणि ती आत्ता आली असं समजून उठून सामान शोधा. मनात नाही, खरोखर उठून.

सर्पदंशाचंच घ्या. रक्त गोठतंय का हे बघायची २० मिनिटांची चाचणी तुम्हाला माहीत आहे: दोन मिली ताजं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग तिरपी करून बघायची. सोपी आहे. आता उठा आणि ती काचेची नळी शोधा. मी एकदा असा शोध घेतला तेव्हा प्लॅस्टिकच्या नळ्या डबाभर मिळाल्या आणि काचेची एक, तीही साबणाने धुऊन पालथी घातलेली. दोन्हींनी निकाल फसतो. घोणस चावलेला माणूस समोर असताना हे कळण्यापेक्षा रात्री एक वाजता रिकाम्या कपाटासमोर कळलेलं बरं. दुसऱ्या दिवशी मी नव्या नळ्या मागवल्या आणि डब्यावर चिठ्ठी लावली, "या धुऊ नयेत." मग प्रतिविषाच्या व्हायली मोजायच्या, तारखा बघायच्या, ॲड्रिनॅलिन शेजारीच आहे का बघायचं, कारण प्रतिविषाची रिॲक्शन आली तर ते शोधायला वेळ नसतो. निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन मुख्यतः नागासाठी, मण्यारीत त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

मण्यारीवर जरा थांबते. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत फारसं नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे चारला कोपीवरचा माणूस पोट धरून येतो, आपण ॲसिडिटीचं इंजेक्शन काढतो. त्याच्या पापण्या बघा. जड होऊन खाली येत असतील, बोलणं बोबडं झालं असेल, गिळता येत नसेल, तर डॉक्टरांना उठवा आणि रात्री कुठे झोपला होता ते विचारा. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत सर्पदंशावरच्या कामासाठी देशभर ओळखले जातात, म्हणजे हा विषय शिकायला आपल्याला लांब जायची गरज नाही. घराजवळ शिकण्यासारखं आहे आणि शिकायची गरजही घराजवळच आहे.

दुसरी रात्र झटके आलेल्या गरोदर बाईची. मॅग्नेशियम सल्फेटचा हिशेब सगळ्यांना परीक्षेत येतो आणि बाई समोर कडक झाली की जातो. म्हणून तो शांततेत एका कार्डावर लिहून ट्रेच्या झाकणाला आतून चिकटवायचा. ५० टक्क्यांची दोन मिलीची एक अँप्युल म्हणजे एक ग्रॅम. शिरेतून चार ग्रॅम द्यायचं तर चार अँप्युल, म्हणजे आठ मिली, त्यात १२ मिली डिस्टिल्ड वॉटर, झालं २० मिली, २० टक्क्यांचं, ते सावकाश. स्नायूतून दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, म्हणजे पाच-पाच अँप्युल. पुढचा डोस देण्याआधी गुडघ्याचा झटका, श्वास आणि लघवी बघायची. शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेट हवंच. कार्ड लिहून झालं की सकाळी तुमच्या डॉक्टरांना दाखवा, त्यांच्या पद्धतीप्रमाणे दुरुस्त करून सही घ्या, मगच चिकटवा. सही नसलेलं कार्ड म्हणजे भिंतीवरचा सुविचार.

तसंच सलाईनच्या थेंबांचं. ५०० मिली चार तासांत, सेट २० थेंबांचा: ५०० गुणिले २० भागिले २४० मिनिटं, मिनिटाला ४२ थेंब. सहा तासांत २८. आठ तासांत २१. हे तीन आकडे पाठ असले तर निम्म्या रात्री निभतात. बाकीचे खिशातल्या चिठ्ठीवर. त्याच चिठ्ठीच्या मागे फोन नंबर: १०८ सगळ्यांना येतोच, पण रात्री रक्त कुठे मिळतं, भूलतज्ज्ञ कोण येतो, मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात थेट कुणाशी बोलायचं, हे नंबर भिंतीवरच्या जुन्या कागदावर असतात आणि त्यातले दोन बंद असतात. एका रात्री, मध्यरात्रीच्या आत, ते नंबर लावून बघा.

आता अभ्यास. मी एक शंभर पानी वही वापरायचे आणि एक जुनं भिंग. औषधाच्या खोक्यात पातळ कागदाची घडी असते ना, जी आपण खोकं उघडताच फेकतो, ती रात्री एक वाचायची. एकच. काय आहे, कशात मिसळायचं, किती वेळात द्यायचं, कशाबरोबर चालत नाही, उघडल्यावर किती तास टिकतं. चार ओळी वहीत मराठीत लिहायच्या, इंग्रजीतून उतरवायच्या नाहीत. आपल्या भाषेत लिहिता आलं नाही तर ते कळलेलं नाही, एवढं साधं आहे. वॉर्डात वापरात असलेली औषधं पन्नास-साठ असतात. म्हणजे तीन-चार महिन्यांच्या नाईटमध्ये तुम्हाला तुमचं कपाट पाठ होतं. मला सेफ्ट्रायॅक्सोन कॅल्शियमच्या सलाईनबरोबर एकत्र द्यायचं नाही हे कॉलेजने शिकवलं असेलही, पण लक्षात राहिलं ते त्या कागदामुळे.

वहीच्या मागच्या बाजूने त्या रात्रीबद्दल तीन ओळी: काय आलं, मी कुठे अडखळले, सकाळी कुणाला काय विचारायचं. पेशंटचं नाव, गाव, फोटो काही नाही. वही हरवली आणि ती कुणाच्या नातेवाइकाला सापडली तरी चालेल, अशीच ती असली पाहिजे.

परीक्षा देणाऱ्यांना वेगळं सांगते. एम्सची नॉरसेट २०२० पासून सुरू झाली, शिवाय आरोग्य विभागाच्या, ईएसआयसीच्या, रेल्वेच्या जागा निघतात. रात्री प्रश्नसंच सोडवा, धडे वाचू नका. एक प्रश्न एका मिनिटाचा, मधेच उठता येतं; धडा मधेच सोडला की पुन्हा पहिल्यापासून. धडा घरी, सुट्टीच्या दिवशी. आणि एक गोष्ट अभ्यासाआधी बघा: जीएनएम झालेल्यांना नॉरसेटसाठी अनुभव लागतो, तोही किमान ५० खाटांच्या हॉस्पिटलचा. बारा खाटांच्या नर्सिंग होममध्ये पाच वर्षांच्या रात्री जागून काढल्या आणि फॉर्म भरताना हे कळलं, अशा मुली मी पाहिल्या आहेत. जाहिरात नीट वाचायला एक शांत रात्र द्या. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची मुदत कधी संपते तेही त्याच रात्री बघून ठेवा.

आणि काही रात्री काहीच वाचू नका. दोन वाजता जागा असलेला पेशंट असतोच. दिवसा तो गप्प असतो, कारण भोवती मुलं, सुना, भेटायला आलेलं अर्धं गाव. रात्री तो सांगतो की गोळी घेतल्यावर चक्कर येते म्हणून ती उशीखाली ठेवतो. दारू किती, हे खरं रात्रीच कळतं. त्याच्याजवळ स्टूल ओढून बसलेली दहा मिनिटं कुठल्याही रजिस्टरात येत नाहीत, पण सकाळी राउंडला डॉक्टरांना तुम्ही जे सांगता ते त्यातून येतं.

बाळंतिणीच्या बाबतीत तर रात्र सोन्यासारखी. पहिलटकरीण दिवसभर ऐकत असते, "दूध येत नाहीये, वरचं घाला." सांगणाऱ्या चार जणी, प्रत्येकीचं वेगळं. रात्री त्या घरी गेलेल्या असतात किंवा घोरत असतात. बाळ दर दोन-तीन तासांनी उठतं, आणि दूध तयार करणारं प्रोलॅक्टिनही रात्री जास्त असतं. तेव्हा तिच्याजवळ बसा. पाठीला उशी द्या, बाळाचं पोट तिच्या पोटाला लावा, तोंड मोठं उघडू द्या, नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ द्या. एकदा बाळ लागलं आणि गिळल्याचा आवाज आला की तिचा चेहरा बघा. सकाळी सासूबाई बाटली घेऊन येतात तेव्हा ती स्वतःच नको म्हणते.

एक सवय मोडा: टेबलापाशी कुजबुजणं. आपल्याला वाटतं, आपण हळू बोलतोय, पेशंटला त्रास नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ च्या आपल्या पुस्तकात आवाजावर आख्खं प्रकरण लिहिलंय आणि खोलीबाहेरच्या कुजबुजीवर तिचा विशेष राग आहे, कारण अर्धवट ऐकणाऱ्या आजाऱ्याला वाटतं, माझ्याबद्दलच चाललंय. बोलायचं तर साध्या आवाजात बोला, नाहीतर पॅन्ट्रीत जा.

खाण्याचं थोडक्यात. कुणीतरी घरून मासवडी आणि रस्सा आणतं आणि बाराला सगळ्यांना बोलावतं. मी नाही म्हणायला सांगणार नाही, मला स्वतःला कधी जमलं नाही. दोन तुकडे खा, रस्सा सकाळी प्या. पोट भरून जेवण साडेआठ-नवाला, रात्री मूठभर शेंगदाणे, एखादं केळं. शेवटचा चहा दोनला. पाचला घेतलेल्या चहातलं निम्मं तरी दहाला अंगात असतं आणि तीच तुमची झोपायची वेळ असते. डुलकी घ्यायची तर वीस मिनिटांची, दोघी असाल तर, दुसरीला सांगून, आणि दवाखान्याची परवानगी असेल तर. उठल्यावर लगेच सिरिंज हातात घेऊ नका, तोंड धुवा, एक फेरी मारा. एकट्या असाल तर डुलकी नाही. त्यावर मला काही दुसरं सुचलेलं नाही.

पाचनंतर रात्र संपते, घड्याळ काही म्हणो. टीपीआर, सॅम्पल, इनटेक-आउटपुट, स्पंज, आठचा ओव्हर. ओव्हर लिहायला पाचला घेऊ नका, दोनलाच अर्धा लिहून ठेवा आणि नंतर फक्त भर घाला.

मग घरी जायचं. रात्री ड्यूटीला येताना उसातून जाणाऱ्या रस्त्याने एकटीने गाडीवर येऊ नका, बिबट्याची भीती आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. पण मला विचाराल तर सकाळी साडेआठला नाशिक रस्त्यावर पेंगत चालवलेली स्कूटी बिबट्यापेक्षा वाईट. पापणी जड वाटली तर दवाखान्यातच पंधरा मिनिटं बसा, भावाला बोलवा, एसटीने जा. गाडी दुपारी आणता येते.

घरी झोप मिळणं हा वेगळाच लढा. खिडकीला काळं कापड, मोबाईल दुसऱ्या खोलीत. मी दारावर कागद लावला होता, "रात्रपाळी. दोननंतर हाक मारा." माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. ती दार उघडून विचारायची, "झोपलीस का गं?" मग कागद काढला आणि कडीला एक पांढरा रुमाल बांधायला लागले. रुमाल दिसला की ती अंगणात बसून कोंबड्या हाकलायची, दळण मागायला आलेल्या बाईला हाताने थांबवायची आणि पोस्टमनलाही सांगायची, "हळू बोल, आमची सिस्टर आताच रात्र उतरवून आलीय."